फोन माझा, पिन कंपनीचा

कंपन्या साहेबलोकांना फोन द्यायच्या, तो काळ फार जुना नाही. ब्लॅकबेरीवाला माणूस मीटिंगला उशिरा आला तरी खपून जायचं. बारीक बटणांचा कीबोर्ड आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारा लाल दिवा. दिवा लागला की समोरचा कितीही महत्त्वाचं बोलत असो, ब्लॅकबेरीवाला "एक मिनिट हं" म्हणून मान खाली घालायचा आणि आम्ही बाकीचे आदराने त्याच्या टकलाकडे बघत बसायचो. मेल बहुधा ‘उद्या कॅन्टीन बंद राहील’ एवढाच असे. पण तो त्याच्या खिशात आला होता आणि आमचा टेबलावरच्या कॉम्प्युटरात पडून होता, हा फरक मोठा होता. तसा फोन कधीतरी आपल्यालाही मिळेल या आशेवर कित्येकांनी नोकऱ्या बदलल्या नाहीत.

मग सगळ्यांकडेच स्मार्टफोन आले. पानवाल्याकडे आमच्या साहेबांपेक्षा भारी आला. कंपन्यांच्या ध्यानात आलं की ही मंडळी स्वतःच्या पैशाने, हप्ते भरून, फोन घेऊनच बसली आहेत. आपण आणखी कशाला द्यायचे? ‘आपापला फोन आणा’ या धोरणाला बीवायओडी असं भारदस्त नाव मिळालं, त्यावर मोठ्या हॉटेलांत परिसंवाद झाले, आणि कर्मचाऱ्याच्या फोनवर, कर्मचाऱ्याच्याच डेटापॅकवर, कंपनीचा मेल येऊ लागला. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा कायमची थांबली, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. तोवर सगळ्यांच्याच माना आपापल्या फोनमध्ये गेल्या होत्या.

फोन मालकानेच दिला पाहिजे, असं तावातावाने म्हणणाऱ्यांनी एकदा अंगणवाडी सेविकांना विचारावं. त्यांना सरकारने फोन दिले होते. ते इतके तापायचे आणि अडकायचे, की २०२१ मध्ये ठिकठिकाणच्या सेविकांनी आंदोलन करून ते सरकारला परत नेऊन दिले.

आणि दोन-दोन फोन कशाला, एकातच भागवू, असं वाटणारे आपण काही जगावेगळे नाही. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या, त्या काळात सरकारी कामाचा मेल त्यांनी खाजगी पत्त्यावरून, घरच्या सर्व्हरवरून केला. २०१५ मध्ये हे बाहेर आल्यावर त्यांनी जे कारण दिलं ते ऐकून मला त्या एकदम आमच्या सोसायटीतल्या वाटल्या: दोन उपकरणं बाळगण्यापेक्षा एकच बरं पडतं. त्या सोयीपायी एफबीआयची चौकशी लागली आणि २०१६ ची अख्खी निवडणूक मेलच्या चर्चेत गेली. आमच्याकडे एफबीआय नाही. एचआर आहे.

तर एचआरचं पत्रक आलं. यापुढे ऑफिसचा मेल स्वतःच्या फोनवर हवा असेल तर कंपनीचं ॲप टाकावं लागेल, सक्ती नाही. ज्यांना नको असेल त्यांनी तसं कारण लिहून विभागप्रमुखांची मंजुरी घ्यावी आणि अर्ज मेलने पाठवावा. आमच्या विभागप्रमुखांकडे असा अर्ज घेऊन जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

दुपारी आयटीतला मुलगा टेबलाशी आला. या मुलांचं वय वाढत नाही. एक नोकरी सोडून गेला की त्याच दाढीचा दुसरा येतो. "सर, फोन द्या, दोन मिनिटांचं काम आहे." फोन अनलॉक करून परक्याच्या हातात देताना माणूस एकदा उगीचच मागची ॲप्स बंद करतो. काही नसतंच त्यात. माझ्या फोनमधली त्यातल्या त्यात गुप्त गोष्ट म्हणजे केस गळतीवरच्या तेलाची अर्धवट सोडलेली ऑर्डर. पण ती मी बंद केली.

त्याचा अंगठा भराभर ‘ओके’ दाबत चालला होता. एका ठिकाणी मी त्याचा हात धरला.

"थांब, काय लिहिलंय ते वाचू दे."

"सर, ते कुणी वाचत नाही."

मी वाचलं. हे ॲप सुरू केल्यास त्याला पुढील गोष्टी करता येतील. स्क्रीनलॉकचे नियम ठरवणं. चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकला जातो यावर नजर ठेवणं. फोन लॉक करणं. कॅमेरे बंद करणं. आणि यादीत सगळ्यात वर, सर्व डेटा मिटवणं. तेही आगाऊ सूचना न देता.

"हे सर्व डेटा मिटवणं म्हणजे काय रे?"

"ते फोन हरवला तर, सर."

"आणि नाही हरवला तर?"

"तर कशाला मिटवतील?"

"मी नोकरी सोडली तर?"

"मग फक्त ऑफिसचं मिटवायचं असतं, सर." ‘असतं’ म्हणताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

कंपनी माझ्या फोनमध्ये राहायला आली ती अशी: भाडं नाही, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांचा करार नाही, आणि आल्या आल्या घरमालकालाच बजावायला लागली, की दाराला चांगलं कुलूप लावा, चावी घरच्यांना देऊ नका, आणि वेळ आली तर आम्ही जाताना तुमच्यासकट सगळं सामान बाहेर काढू.

हा धाक पोकळ नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी फोनमधल्या साध्या मेल-ॲपलाच ऑफिसचं खातं जोडलं होतं, फार वर्षांपूर्वी. कंपन्यांच्या मेल-सर्व्हरवर एक जुनी सोय असते. साहेबांचा फोन टॅक्सीत राहिला तर तो ऑफिसात बसून पुसून टाकता येतो. आणि पुसायचा म्हणजे सगळाच, त्यात आपलं-तुपलं नाही. या गृहस्थांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभाचा सामोसा हातात असताना त्यांचा फोन आपोआप बंद झाला, आणि सुरू झाला तेव्हा भाषा निवडा म्हणाला. तिकडे आयटीमध्ये कुणीतरी यादीतल्या नावावर बोट ठेवलं होतं. फोटो गेले, नंबर गेले, रेशनकार्डाचा आणि सातबाऱ्याचा फोटो गेला. त्यांनी बायकोच्या फोनवरून चौकशी केली, तेव्हा पलीकडून नम्रपणे सांगण्यात आलं की सुरुवातीला आपण ओके केलं होतं. त्यांच्या बायकोने आधी समाधान मानलं, की निदान वर्षानुवर्षांचे सुप्रभात तरी गेले. नातवाच्या जावळाचे फोटो मात्र त्या अजून एकेका नातेवाइकाकडे मागत असतात. कुणाकडे मांडवाचा आहे, कुणाकडे जेवणाचा आहे. नातवाचा नाही.

आता तसं राहिलेलं नाही, असं आयटीवाले छातीठोक सांगतात, आणि ते खरंही आहे. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ आलं, ॲपलने २०१९ मध्ये आपल्या पद्धतीने तीच सोय आणली. भाडेकरूला वेगळी खोली, वेगळं दार. ऑफिसच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चित्र असतं. जेवढं बॅगेचं तेवढं कंपनीचं. पुसायचं झालं तर तेवढंच पुसता येतं. कंपनीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याची यादी त्या ॲपमध्येच दिलेली असते. दिसतं ते असं: फोनचं मॉडेल, त्यातल्या अँड्रॉइडची आवृत्ती, ऑफिसची ॲप्स. न दिसणाऱ्यांची यादी लांबलचक आहे: तुमचे कॉल, तुमचे मेसेज, तुमचे फोटो, तुम्ही इंटरनेटवर काय पाहता, तुमचे पासवर्ड.

ही यादी वाचून सुटल्यासारखं वाटतं. मग हळूहळू वाईट वाटायला लागतं. इतकी वर्षं आपण ज्यांच्यापासून जपून राहिलो, त्यांना आपल्या केसांच्या तेलात काडीचाही रस नाही. त्यांना हवंय अँड्रॉइड तेरा आहे की चौदा.

पण यादीबाहेरही काही दिसतंच. चहा पाजल्यावर आयटीतल्या मुलाने सांगितलं, "सर, कुणाला बोलू नका," आणि मग सगळं बोलला. आयफोनला जे नाव दिलेलं असतं ते त्यांच्या पडद्यावर येतं. आता आपल्याकडे मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचा आयफोन कुठून येतो? मुलांनी नवा घेतला की जुना वडिलांकडे येतो. नाव कोण बदलतंय! त्यामुळे कंपनीच्या अधिकृत नोंदीत एका वरिष्ठ व्यवस्थापकांचं उपकरण ‘पिंकी क्वीन’ आहे. ज्यांच्या केबिनमध्ये जाताना आमचे पाय लटपटतात, त्यांचं ‘पप्पा डोन्ट टच’. सुरक्षेचा मासिक अहवाल संचालकांपुढे जातो, त्यात ‘पप्पा डोन्ट टच’ने अद्ययावत आवृत्ती न घेतल्याबद्दल लाल रंगात शेरा असतो.

शिवाय मेल कुठून उघडला, त्या शहराची नोंद राहते. ती इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजाने होते आणि मोबाइलच्या बाबतीत हा अंदाज कुठेही जातो. सकाळी कोथरूडच्या वायफायवर मेल पाहिला, मग रिक्षात मोबाइल डेटावर पाहिला, की माणूस कोथरूडहून दुसऱ्याच राज्यात जाऊन आलेला दिसतो. यंत्रणा अशा वेळी ‘अशक्य प्रवास’ असा इशारा देते आणि आयटीवाले फोन करून विचारतात, सर, तुम्ही आत्ता कुठे आहात? मी कोथरूड ते हिंजवडी पाऊण तासात पोचेन असं सकाळी साहेबांना कळवतो, तेव्हा मात्र तो इशारा येत नाही.

हे झालं ऑफिसचं. माझी खरी पंचाईत घरी झाली.

"सर, पॅटर्न चालणार नाही, सहा आकडी पिन लागेल," असं तो मुलगा म्हणाला होता. "एक-दोन-तीन-चार-पाच-सहा पण चालत नाही." आमच्या घरात माझा फोन ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गॅस, बँक, वीजबिल सगळीकडे माझा नंबर, म्हणून ओटीपीसाठी तो बायकोला लागतो. आईला बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला लागतो. मुलाचा फोन कायम दोन टक्क्यांवर असतो, म्हणून त्याला लागतो. इंग्रजी एलचा पॅटर्न अख्ख्या घराला ठाऊक होता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही. त्यांच्या भिशीचा हिशेब माझ्या फोनमध्ये आहे.

संध्याकाळी बायकोने ओटीपीसाठी फोन उचलला.

"अहो, हा उघडत नाहीये."

"पिन टाकलाय त्याला."

"कशासाठी?"

"कंपनीने सांगितलंय."

इतक्या वर्षांच्या संसारात ज्या माणसाने कपाटाला कधी कुलूप लावलं नाही, त्याने एका दुपारी फोनला सहा आकडी पिन लावावा आणि नाव कंपनीचं सांगावं! यापुढचे भाग कसे जातात ते आईला मालिका बघून पाठ आहे. तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

मी घाईघाईने पिन टाकून फोन उघडून दिला. त्याने प्रकरण वाढलं.

"हे दोन-दोन कॉन्टॅक्ट्स कशाला? प्लेस्टोअर पण दोन. आणि या सगळ्यांवर बॅग का काढलीय?"

"ते ऑफिसचं. वेगळं असतं. तिकडचं इकडे दिसत नाही, इकडचं तिकडे दिसत नाही."

"म्हणजे तुमच्या फोनमध्ये दुसरा फोन आहे."

एचआरने पाठवलेल्या लांबलचक पीडीएफमध्ये हे इतक्या स्वच्छ शब्दांत कुठेही नाही.

"बाबा," मुलाने मध्येच तोंड घातलं, "चुकीचा पिन सारखा टाकत राहिलं की सगळं उडतं ना? एकदा करून बघू?"

शेवटी मी पिन जाहीर केला. पिन कुणालाही सांगू नये, घरातील व्यक्तींनाही नाही, असं धोरणात ठळक अक्षरांत आहे. ते लिहिणाऱ्याच्या नावावर गॅस नसावा. बायकोने पिन ऐकून लक्षात ठेवला, मुलाने न ऐकता लक्षात ठेवला. आईच्या काही तो लक्षात राहीना. तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, चौदा तारखेच्या चौकोनात, ‘दूध दीड लि.’च्या खाली सहा आकडे लिहिले आणि पुढे ‘फोन’ असं लिहून दोन रेघा मारल्या. पान उलटलं की ते आकडे ती पुढच्या महिन्यावर उतरवून घेते. कंपनी ठरावीक काळाने पिन बदलायला लावते. तेव्हा आई जुना खोडते, पण असा खोडते की वाचता यावा. न जाणो, परत लागला तर. १९७३ पासून महाराष्ट्राच्या भिंतींवर असलेल्या या कॅलेंडराने संकष्टी, एकादशी, मुलांच्या लसी, गॅसची तारीख असं सगळं सांभाळलं आहे. हल्ली आमच्या कंपनीची सायबर सुरक्षाही त्याच खिळ्यावर आहे. सिलिंडर घेऊन येणारा माणूस तिथेच उभं राहून पावती लिहितो.

कायद्याची बाजू मी पाहून ठेवली आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून प्रश्न उभा राहिला आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या दिवशी मी घरी हे मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आईने विचारलं, म्हणजे आता न्हाणीघराची कडी दुरुस्त करणार का? पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात माहिती वापरायची तर माणसाची संमती हवी, हे तत्त्व आहे. आणि पुढे काही कामं संमतीशिवाय करता येतील असंही आहे. त्यात नोकरीसंबंधीची कारणं आणि मालकाचं नुकसान टाळणं बसवलेलं आहे. आमच्या एचआरने तरीही संमती मागितली, हा त्यांचा मोठेपणा. खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, एवढंच.

आता इतका बंदोबस्त केल्यावर कंपनीचं गुपित बाहेर जाणं शक्य नाही, असं कुणालाही वाटेल. ऑफिसच्या मेलमधला मजकूर कॉपी करून बाहेर टाकता येत नाही. स्क्रीनशॉट काढला तर काळा पडदा येतो. मग आमचे साहेब काय करतात? लॅपटॉपवर मेल उघडतात, फोनने त्याचा फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. फोटो नेहमी तिरपा असतो. त्यात तिमाहीचे गोपनीय आकडे, काचेत उमटलेली ट्यूबलाइट, फोन धरून उभ्या साहेबांचं अंधुक प्रतिबिंब आणि कडेला उघड्या डब्यातली भेंडी. खाली लिहितात, ‘कॉन्फिडेन्शियल. ग्रुपबाहेर जाऊ नये.’ ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेली बरीच माणसं अजून आहेत. त्यांना काढायला ॲडमिन लागतो आणि ॲडमिन त्यांच्यातलाच एक.

खरं काम सगळं इथे चालतं. मेल फक्त पुराव्याला. आमच्या प्रत्येक प्रोजेक्टचे तीन ग्रुप असतात: एक सगळ्यांचा, एक साहेबांशिवायचा, आणि एक, साहेबांशिवायच्या ग्रुपमधलं साहेबांना सांगणाऱ्या माणसाशिवायचा. या तिन्हींवर ना बॅगेचं चित्र, ना पिनची सक्ती, ना आयटीचं लक्ष. आणि माणसाचं जे काही खाजगी म्हणून असतं ते सगळं इथे आपण आपल्या हाताने मांडून ठेवतो. कंपनीला माझा एकही फोटो दिसत नाही, हे कंपनीने लेखी दिलं आहे. साहेबांना मात्र माझं स्टेटस सगळ्यांच्या आधी दिसतं. बघणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव कायम तळाशी, म्हणजे पहिलं. रात्री साडेअकराला मी ऑनलाइन होतो हे त्यांना कळतं आणि साडेअकराला ते बघत होते हे मला कळतं. दोघंही सकाळी त्याबद्दल बोलत नाही.

अकाउंट्समधल्या एकाने व्हायरल ताप सांगून रजा घेतली. गडी सावध. त्याने स्टेटस ठेवलं नाही, लास्ट सीन बंद केलं, ब्लू टिक घालवली, ऑफिसचा मेल तर उघडलाही नाही, न जाणो गावाचं नाव उमटायचं. तंत्रज्ञानाच्या बाजूने त्याच्यात एक फट शोधून दाखवा. त्याच्या मेहुणीने गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा त्याचा हाफ पँटमधला फोटो फेसबुकवर नावानिशी टाकला, ‘जिजूंसोबत धमाल’ असं लिहून. साहेबांची आणि मेहुणीच्या नवऱ्याची कुठलीशी ओळख निघाली. संध्याकाळी साहेबांचा मेसेज गेला: ‘काळजी घे. तापात फार वेळ पाण्यात राहू नये.’

आमच्या एक मॅडम परदेशी ग्राहकापुढे प्रेझेंटेशन करत होत्या. स्क्रीन शेअर केलेला, नफ्याचा आलेख वर चढतोय, आणि कोपऱ्यातून घरचा मेसेज सरकत आला: ‘तू लपवून ठेवलेला चिवडा सापडला.’ ग्राहकाच्या बाजूला एक मराठी मुलगा होता. म्यूट करायला विसरला.

हा सगळा त्रास ऑफिसची वेळ संपल्यावरही चालू असतो, त्याचं काय, असं विचारणारी माणसं आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर मेलपासून सुटका मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं. संसदेने मंजूर केलेलं शेवटचं खाजगी विधेयक १९७० चं आहे, त्यामुळे आमचे साहेब निश्चिंत आहेत.

मात्र फोनमध्येच एक बटण आहे. वर्क प्रोफाइल थांबवायचं. ते दाबलं की बॅगवाली सगळी ॲप्स राखाडी होतात आणि कंपनी सकाळपर्यंत गप्प. आयटीतल्या मुलाने ते कधी दाखवलं नव्हतं. माझ्या मुलाला गेम खेळताना सापडलं. परवा शुक्रवारी साहेबांनी संध्याकाळी उशिराच्या कॉलचं काढलं, तेव्हा मी अंगात कणकण आहे असं कळवलं, घरी येऊन बटण दाबलं, व्हॉट्सॲपचं नेट बंद केलं, फोन सायलेंटवर टाकला आणि सोफ्यावर आडवा झालो. मेल नाही, मेसेज नाही, शहराची नोंद नाही.

नोकरीला लागताना एक फॉर्म भरून घेतात. त्यात ‘आणीबाणीच्या प्रसंगी संपर्क’ असा एक रकाना असतो आणि सगळे तिथे बायकोचा नंबर लिहितात. साडेआठच्या सुमाराला स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. साहेब आदबीने बोलत असणार, कारण तीही आदबीने आणि मोकळेपणाने उत्तरं देत होती.

"नमस्कार, नमस्कार. हो, घरीच आहेत ना. नाही हो, कुठलं बरं नसायला, आत्ताच तीन थालीपिठं खाल्ली. सोफ्यावर पडून मॅच बघतायत. फोन ना? तो त्यांनी मुद्दाम बंद ठेवलाय, ते बॅगेचं काहीतरी असतं बघा. थांबा, मी उघडून बघते ना, पिन इथेच लिहिलेला आहे. कुठला मेल बघायचाय?"